राजाच्या मुकुटावरचा डाग

दिवाळीच्या आधीचा रविवार होता, आईने चकलीची भाजणी दळून आणायला सांगितली होती आणि मी गिरणीत डबा नंबराला लावून तसाच पुढे जुन्या बाजारात सटकलो, म्हटलं तासभर तरी नंबर लागत नाही. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो हे पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो की ताडपत्रीवर गंजलेले पान्हे, बिनकिल्लीची कुलपं, पितळी अडकित्ते, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा असं सगळं एका ओळीत मांडलेलं असतं आणि त्यात कुठेतरी एका परातीत नाण्यांचा ढीग असतो. त्या ढिगात नव्वद टक्के कचरा. गेंड्याची पंचवीस पैशाची नाणी, वैष्णोदेवीची पाच रुपयाची नाणी जी विकून लाखो मिळतात असे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतात (मिळत नाहीत, कृपया मला विचारू नका), आणि राम-सीता-हनुमान असलेले १८१८ सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून खपवलेले पितळी टोकन. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही, ती देवळाबाहेर विकली जाणारी टोकनं आहेत, पण दर दोन महिन्यांनी कोणीतरी काका मला फोटो पाठवतातच.

तर त्या परातीत हात घालून मी उगाच चाळत होतो. दुकानदार म्हणाला, साहेब तुम्ही भिंग घेऊन आलात म्हणजे तुम्हाला हे नको, थांबा. आणि मग त्याने खिशातून एक कापडी पुरचुंडी काढली. आतमध्ये राजा छाप रुपये होते पाचसहा, त्यातला एक बाजूला काढून माझ्या तळहातावर ठेवला, "डुक्कर छाप आहे बघा."

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पाचवा जॉर्ज, म्हणजे ज्याच्यासाठी नंतर गेटवे ऑफ इंडिया बांधलं तोच, गादीवर आल्यावर १९११ साली त्याचा मुकुट घातलेला रुपया पाडला गेला. चित्र मॅकेनल नावाच्या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराचं. राजाच्या अंगावर जो झगा आहे त्यावर एका मानाच्या पदकाची साखळी आहे आणि त्या साखळीत हत्ती आहे. पण हत्ती इतका छोटा आणि त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात तर फारच नाराजी झाली, आणि सरकारने तो रुपया मागे घेतला, १९१२ पासून हत्तीला नीट कान आणि लांब सोंड देऊन नवीन साचा केला. कलकत्ता आणि मुंबई मिळून चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले असं पुस्तकांत दिलेलं असतं. खरं सांगायचं तर सात लाख हा काही छोटा आकडा नाही, हा रुपया मिळतो, पैसे मोजले की मिळतो. दुर्मिळ म्हणायचं असेल तर सहाव्या जॉर्जचा १९३९ चा म्हणा, तो बाहेर फारच थोडा आला आणि म्हणूनच बाजारात दिसतो त्यातले बरेचसे खोटे असतात. पण डुक्कर छापला गोष्ट आहे ना, आणि आपल्याकडे गोष्टीला भाव आहे.

मी कडेने धरून बघितला. (नाणं नेहमी कडेने धरायचं, दोन बोटांत, अंगठा चेहऱ्यावर ठेवलात तर बोटाचा घाम काही महिन्यांनी तिथे ठसा म्हणून उमटतो.) रंग राखाडी, काळपट, डोळ्याला शांत. मला तेच आवडलं. नवशिके चकचकीत नाण्यावर भुलतात, आणि मीही भुललो होतो पहिल्यांदा, व्हिक्टोरियाचा एक रुपया इतका पांढरा शुभ्र होता की मी त्याला कोरा समजून घेतला आणि घरी येऊन भिंगाखाली धरला तर अख्ख्या गालावर ओरखड्यांचं जाळं, कोणीतरी दंतमंजनाने घासलेला. तेव्हापासून काळपट दिसलं की मला विश्वास वाटतो. हा माझा विश्वासच इथे महागात पडला ते पुढे येईल.

दुकानदार म्हणाला कोरा माल आहे साहेब, एयू आहे (म्हणजे जवळजवळ न वापरलेला), वाजवून घ्या. आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने तो फरशीच्या तुकड्यावर टाकला. खण्ण. आवाज सुंदर आला, पण माझ्या पोटात गोळा आला, कारण चांदी मऊ, कडेवर पडली तर तिथे कायमचा ठोका. आपल्या भाषेत वाजवून घेणं, खणखणीत नाणं, बंदा रुपया हे सगळं याच सवयीतून आलंय हे कळतं पण म्हणून आज शंभर वर्षांच्या नाण्याला फरशीवर आपटायचं नसतं. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलकं टिचकवा, तेवढ्याने कळतं, चांदीचा आवाज लांबत जातो आणि शिश्या-जस्ताचा ठप्प होतो.

साडेचार हजार सांगितले, मी अठराशेपासून सुरू केलं, दोनदा उठून गेल्यासारखं केलं, अठ्ठावीसशेला तुटलं. तेवढ्यात आईचा फोन, भाजणी झाली का. झालीच होती, गिरणीवाल्याने माझा डबा बाहेर काढून ठेवलेला आणि वरून दुसऱ्या कुणाच्या ज्वारीचं पीठ उडालेलं. असो.

घरी आल्यावर पहिलं काम वजन. माझ्याकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा आहे. त्या काळच्या रुपयाचं वजन ठरलेलं, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. त्यात चांदी ९१.७ टक्के. जुने लोक रुपयाभार हळद, रुपयाभार सुंठ म्हणायचे ते याचमुळे, रुपया हेच वजन होतं, घरात वजनं नसली तरी चालायचं. माझा भरला ११.५९. म्हणजे हातोहात फिरून सात सेंटिग्रॅम झिजला. हे काहीच नाही. तेव्हाचा कायदा असा होता की रुपया दोन टक्क्यांहून जास्त झिजला की तो चलन म्हणून ग्राह्य धरायला बांधील नाही, म्हणजे ११.४३ च्या खाली गेला की संपला. सराफ मग असला रुपया घेताना बट्टा कापायचे. नावाला बट्टा लागला म्हणतो आपण, ते हेच, पूर्ण किमतीचं नाणं कमी किमतीत जाणं.

मग पाण्याची परीक्षा, ही मला सगळ्यात आवडते कारण यात नाण्याला काही होत नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवायचं, तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. माझा आकडा १.१२ आला, ११.५९ भागिले १.१२ म्हणजे १०.३५. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांबं मिसळलेल्या रुपयाच्या चांदीची १०.३ च्या वर थोडी, म्हणजे पास. बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो म्हणून मी तीनदा केलं, आई स्वयंपाकघरातून म्हणाली त्या ग्लासात परत पाणी पिऊ नकोस. शेवटी एक छोटं ताकदीचं लोहचुंबक, नाणं तिरकं धरून त्यावरून सोडलं की चांदीवरून ते आरामात, जणू मधातून उतरतंय तसं घसरतं. लोखंडाला चिकटतं हे सगळ्यांना माहीत असतं पण खोटी नाणी बनवणारेही आता लोखंड वापरत नाहीत, त्यामुळे चिकटत नाही म्हणून खरं असं नाही, हळू घसरतंय का ते बघा.

मागच्या बाजूला कमळाखाली बारीक ठिपका होता, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. कलकत्त्याच्या रुपयावर काही खूण नसते. फोर्टातली ती टांकसाळ अजून आहे, रिझर्व्ह बँकेच्या समोरची, मी तिच्यासमोरून कितीतरी वेळा गेलोय आणि दर वेळी उगाच मान वळवून बघतो.

आता ग्रेडिंग, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून त्याचा दर्जा ठरवणं. एक ते सत्तरचं जे गणित आहे ते शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं होतं, कल्पना अशी की एक नंबरच्या नाण्याला एक डॉलर तर सत्तरला सत्तर डॉलर. किमतीचं ते गणित कधीच मोडलं पण आकडे राहिले, आज पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या तेच आकडे छापून नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. आपल्याकडे बोलताना आम्ही व्हीएफ (बरंच वापरलेलं पण ठसा स्पष्ट), एक्सएफ (थोडंसंच झिजलेलं), एयू, यूएनसी (अगदी कोरं) एवढंच म्हणतो. आणि एक गोष्ट जी मला कळायला चार वर्षं लागली, ग्रेड म्हणजे नाणं किती सुंदर दिसतं ते नाही, टांकसाळीतून निघाल्यावर त्याच्या अंगावर काय काय घडलं याचा तो हिशोब आहे.

दिवा एकच ठेवा, बाकी खोलीत अंधार. ट्यूबलाइटखाली सगळीच नाणी बरी दिसतात आणि उन्हात तर फसवणूकच. टेबललॅम्पखाली नाणं कडेने धरून हळूहळू तिरकं करायचं आणि गोल फिरवायचं. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो, साचा दाबताना धातू बाहेरच्या दिशेने वाहिलेला असतो त्याच्या त्या बारीक रेषा. झीज आधी उंच भागांवर होते. पाचव्या जॉर्जवर मी बघतो ती भुवई, कान, दाढीचे केस, मुकुटाच्या पट्टीवरचे मोती, आणि अर्थात साखळीतला हत्ती, म्हणजे डुक्कर. मागे कमळाच्या पाकळ्यांच्या कडा. माझ्या रुपयावर भुवई थोडी चपटी, कानाची वरची कड घासलेली, दाढी जवळपास पूर्ण, मोती वेगळे मोजता येत होते, डुक्कर तर इतकं छान होतं की त्याचा डोळासुद्धा दिसतोय असं मला वाटलं (वाटलं असेलच). मी वहीत लिहिलं, एक्सएफ ४५, कदाचित एयू ५०. चहा केला. खूश.

चहा पिता पिता परत भिंग लावलं, यावेळी दहापटीचं, आणि चेहरा सोडून कडेकडे गेलो. नाण्याची कड म्हणजे तिसरी बाजू, आणि तिकडे कोणीच बघत नाही, मीही बाजारात बघितली नव्हती. रुपयाच्या कडेला आडव्या बारीक दातांची रांग असते. ती रांग मी अंगठ्याने फिरवत गेलो आणि राजाच्या मुकुटाच्या बरोब्बर वर, घड्याळात बारा वाजतात तिथे, चारपाच दात गायब. म्हणजे तुटलेले नाहीत, भरलेले. त्यावरून कानशीने घासल्याच्या तिरक्या रेघा. आणि त्या कडेच्या पुढे, मुकुटाच्या क्रॉसच्या वर, पृष्ठभाग किंचित वेगळा, जरा खरखरीत, उष्णतेने धातू हलल्यासारखा.

कडी होती तिथे. कोणीतरी या रुपयाला कडी लावून गळ्यात घातला होता आणि नंतर कोणीतरी ती कडी काढून कड घासून टाकली होती.

मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. कानशीच्या रेघांच्या आतसुद्धा तोच काळपट रंग होता. आता विचार करा, कडी काढून घासली तेव्हा तिथे नवी पांढरी चांदी उघडी पडली असणार, आणि शंभर वर्षांचा खरा काळेपणा असता तर बाकीचं अंग जास्त काळं आणि घासलेली जागा उजळ राहिली असती. सगळीकडे सारखाच काळा म्हणजे घासल्यानंतर अख्खं नाणं मुद्दाम काळं केलं. गंधकाने होतं, उकडलेल्या अंड्याच्या बलकासोबत बंद डब्यात ठेवलं तरी होतं, चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. खरा जुनेपणा असा सपाट नसतो, अक्षरांच्या खाचांत गडद, उंचवट्यांवर फिका, कडेला कधी निळसर तपकिरी झाक. मला काळपट नाणं आवडतं हे त्या पुरचुंडीवाल्याला किंवा त्याच्या आधीच्या कोणाला तरी बरोबर माहीत होतं. चकचकीतला भुलतो तो नवशिका आणि काळ्याला भुलतो तो दुसरीतला.

दुकानदाराला फोन केला. तो हसला. साहेब जुना माल आहे, तुम्ही भिंगाने बघूनच घेतलात ना. यावर काय बोलणार, घेतलाच होता बघून.

आईला दाखवला तर ती म्हणाली, त्यात काय एवढं, डाग होता तो, डागाला डाग दिलेला असणारच. मला हसू आलं. सोनाराचं जोडकाम तेही डाग आणि अंगावरचा दागिना तोही डाग. मग ती तिच्या आजीची गोष्ट सांगायला लागली, आजीच्या गळ्यात सात रुपयांची माळ होती, चार राणी छाप, तीन बोडक्या राजाचे (सातवा एडवर्ड, त्याच्या डोक्यावर मुकुट नाही म्हणून बोडका), आणि दुष्काळाच्या वर्षी एकेक कडी तोडून रुपया वाण्याकडे गेला. कडी तोडली की रुपया परत रुपया व्हायचा ना, म्हणाली, सोन्याचं तसं नाही, ते विकायला सराफ लागतो, रुपया म्हणजे गळ्यातले पैसेच. लमाणांच्या तांड्यावर तर अजून म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर असे रुपये दिसतात. त्यामुळे या पिढीतल्या कितीतरी रुपयांच्या बारा वाजताच्या जागेला हात लागलेला आहे, आणि मी खरं तर तिथून सुरुवात करायला हवी होती.

ग्रेडिंगच्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देत नाहीत, "डिटेल्स" म्हणून बाजूला टाकतात, झीज एक्सएफ एवढी पण कडी काढलेली. किंमत निम्म्याहून खाली. तसंही मी ते अमेरिकेला पाठवू शकलो नसतो, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. हे कित्येकांना माहीत नसतं आणि बिनधास्त पाकिटात घालून पाठवतात, नका पाठवू.

दोन दिवस चिडचिड झाली मग ते नाणं परत बाहेर काढलं. काळा थर काढावा का असं वाटत होतं, बाजारात मिळणाऱ्या त्या बुडवायच्या द्रावणात पाच सेकंद धरलं की पांढरं होतं, पण ते थरासोबत चांदीचाही पापुद्रा काढतं आणि तो फिरणारा प्रकाशाचा पट्टा असेल नसेल तोही जातो. नाही काढला. फक्त शुद्ध ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायचं ते नाही, त्यात तेलं-सुगंध असतात) दहा मिनिटं ठेवून चिकट मळ काढला, खिडक्या उघड्या ठेवून, मग डिस्टिल्ड पाणी, मग मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपलं. पुसलं नाही. पुसणं म्हणजे ओरखडे, कापूस असला तरी. आणि मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून काही वर्षांत हिरवा चिकट पदार्थ सुटतो, माझं एक चौरस दोन आण्याचं नाणं त्यात गेलं.

यात अजून एक रुपया आहे, तो सांगायचा राहिला. आमच्या देव्हाऱ्यात १९१८ चा रुपया आहे, आजीचा, दर लक्ष्मीपूजनाला निघतो. आधी चिंचेच्या पाण्यात, मग रांगोळीने घासून, मग हळदकुंकू. साठ-सत्तर दिवाळ्या. त्या राजाला आता नाक नाही, दाढी नाही, हत्ती तर नुसता फुगवटा. १९१८ चा रुपया सगळ्यात सोपा, त्या एका वर्षात चाळीस कोटींहून जास्त पाडले, पहिल्या महायुद्धात इथे चांदीची इतकी टंचाई झाली की अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि चांदी इकडे विकली, सव्वीस कोटींच्या आसपास डॉलर. म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीत अमेरिकन चांदी असायची चांगलीच शक्यता आहे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली असू दे, आली ना घरात.

नव्या रुपयाला मी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घातलं आणि वर पेनने लिहिलं, १९११, मुंबई, ११.५९, एक्सएफ, कडी काढलेली, काळा केलेला. विकायचा झाला तर हे सगळं त्यावर तसंच राहणार.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई म्हणाली आण तो तुझा डुकराचा, ठेवूया पाटावर, पण डुक्कर आहे म्हणजे चालेल ना. मी म्हटलं हत्तीच आहे तो, गजलक्ष्मी समज, फक्त बाहेर काढायचा नाही. ती हो म्हणाली आणि मी फराळाचं ताट आणायला वळलो तेवढ्यात तिने होल्डरच्या प्लास्टिकवर, बरोब्बर मुकुटावर, ओलं हळदकुंकू लावलं. ते वाळून बसलंय अजून. पुसलं तर प्लास्टिकवर चरे पडतील म्हणून मी हात लावलेला नाही.